"ओरिजिनल टेप" सांगून ६,५०० घेतले, व्हायझर खंबाटकी घाटात उडाला

गाडीला व्हायझर (खिडकीच्या वरची पावसाची पट्टी), क्रोम, बीडिंग (दरवाजावरची पट्टी) काहीही टेपने चिकटवून घेणार असाल तर आधी हे वाचा. पुण्यातलं ॲक्सेसरीजचं दुकान, चांगलं मोठं, बाहेर गाड्यांची रांग. चार डोअर व्हायझर १,८५०, खिडक्यांचं क्रोम गार्निश २,४००, साइड बीडिंग १,६०० आणि "थ्रीएमची ओरिजिनल टेप लावतो साहेब, गाडी विकाल तोवर हलणार नाही" म्हणून ६५० वेगळे (थ्रीएम म्हणजे टेप बनवणारी नावाजलेली कंपनी). झाले ६,५००.

तिथेच कळायला हवं होतं, अजून डोक्यातून जात नाही. जुलैचा पाऊस, गाडी ओली, आणि दुकानातल्या पोराने ज्या फडक्याने डॅशबोर्डला पॉलिश मारलं त्याच फडक्याने दरवाजा पुसला. त्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं, त्यावर बापजन्मात टेप धरत नाही. मग टेपवरचा लाल कागद सोलला तर आत पांढरा स्पंज, नखाने दाबला की खड्डा तसाच! गाडीवर लावायची चांगली ॲक्रिलिक फोमची टेप बहुतेक करडी किंवा काळी, रबरासारखी चिवट असते. मी तिथल्या तिथे विचारलं, ही पांढरी कशी? मालक म्हणे "नवीन लॉट आहे, लाल कागद बघा ना". अहो लाल कागद स्वस्तातल्या टेपलाही असतो. मी विचारलं, तो तोंडावर खोटं बोलला, गिऱ्हाइकाने अजून काय करायचं? वर "आजच धुवा, काही होत नाही". खऱ्या टेपलासुद्धा पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात, २० मिनिटांत जेमतेम निम्मी येते.

खंबाटकीत मागचा व्हायझर सुटला आणि मागून येणाऱ्या बाइकवाल्याच्या पुढ्यात पडला. तो वाचला, नाहीतर काय झालं असतं विचार करवत नाही. परत दुकानात गेलो तर "प्रायमर (टेपची पकड वाढवणारं द्रव्य) लावावं लागेल" म्हणून आणखी ४०० उकळले. प्रायमर कसलं, इन्स्टंट ग्लू होता! बीडिंग निघालं तेव्हा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) घेऊन निघालं, दरवाजाचं पेंटिंग ४,२००. एकूण ११,१००.

पोलीस चौकीत तासभर बसवून "हा दिवाणी मामला आहे, ग्राहक आयोगात जा". एवढंच सांगायचं होतं तर दारातच सांगायचं ना! ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली तर जीएसटी बिल मागितलं, दुकानदाराने दिला होता नुसता कागदाचा चिटोरा, पैसे घेतले भलत्याच नावाच्या क्यूआरवर. स्क्रीनशॉट, फोटो सगळं अपलोड केलं, तरी "कागदपत्रं अपुरी" म्हणून तक्रार बंद. एक फोन नाही. पक्कं बिल न देणाऱ्याला कोणी विचारत नाही, आणि ते माझ्याकडे नाही म्हणून दार माझ्यासाठी बंद, हा कुठला न्याय?

पक्क्या बिलाशिवाय पैसे देऊ नका, बिलावर टेपचं नाव लिहून घ्या. टेपचा रोल डोळ्यासमोर उघडायला लावा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून स्वच्छ फडक्याने जागा पुसायची, कोरडी करायची, वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग असेल तर आधी सांगायचं, आणि बसवल्यावर पूर्ण लांबीभर दाबायचं, नुसती टोकं नाही. भर पावसात हे काम करूच नका. फेविक्विकसारखं काही हातात दिसलं तर गाडी काढून घ्या.

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, मी अर्ज भरतोय. तुमचीही अशी पांढऱ्या स्पंजवाली टेप निघाली असेल तर सोललेला तुकडा फेकू नका, फोटो काढून ठेवा आणि मला कळवा, दुकान तेच असेल तर एकत्र तक्रार करू.