एलिप्टिगो ८सी : मेब केफ्लेझिगी यांच्या दुसऱ्या डावाची सायकल
आसन नसलेली, उभ्यानेच चालवायची ही सायकल घ्यावी की नाही, याचे उत्तर तिच्या माहितीपत्रकापेक्षा अमेरिकी मॅरेथॉन धावपटू मेब केफ्लेझिगी यांच्या कारकिर्दीत अधिक स्पष्टपणे मिळते. एरिट्रियात १९७५ मध्ये जन्मलेले मेब युद्धामुळे कुटुंबासह आधी इटलीत आणि १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोत आले, १९९८ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्यांनी मॅरेथॉनचे रौप्यपदक मिळवले. नोव्हेंबर २००७ मधील ऑलिंपिक निवड-शर्यतीत मात्र ते आठवे आले आणि पुढे खुब्याच्या भागात स्ट्रेस फ्रॅक्चर (वारंवारच्या ताणाने हाडाला पडणारी बारीक भेग) असल्याचे निष्पन्न झाले. २००९ ची न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकून ते परतले खरे, परंतु वाढत्या वयात दिवसातून दोनदा धावण्याचा मारा हाडांनी किती सोसायचा, हा प्रश्न उरलाच.

एलिप्टिगो नेमकी याच प्रश्नातून जन्मली. ती सॅन डिएगो परिसरातच घडली आणि तिच्या दोन निर्मात्यांपैकी ब्रायन पेट हे खुबा व गुडघा दुखावल्यामुळे धावणे सोडावे लागलेले ट्रायथलीट (पोहणे, सायकल आणि धावणे अशा सलग शर्यतीचे खेळाडू) होते. पाय ठेवण्याच्या दोन लांबट फळ्या रुळांवर पुढेमागे सरकतात, त्यामुळे पावलाची चाल धावण्याच्या बरीच जवळ जाते. पाऊल जमिनीवर आपटत नाही, पण मांड्या, पोटऱ्या आणि श्वास यांना सुट्टी मिळत नाही. ढांगेची लांबी १६ ते २५ इंचांपर्यंत बदलता येते. आठ गिअर मागच्या चाकाच्या हबमध्येच (मधल्या तुंब्यात) बंदिस्त असल्याने ते थांबलेल्या अवस्थेतही बदलता येतात, ही सोय चढाच्या पायथ्याशी फार कामाची ठरते.

उणिवाही लपण्यासारख्या नाहीत. वजन सुमारे १८ किलो असल्यामुळे ती जिन्यावरून नेणे जिकिरीचे आहे, उभे शरीर समोरचा वारा पूर्ण अंगावर घेते, आणि लांब उतारावरही टेकायला जागा नसते. किंमत चांगल्या रोड सायकलच्या तोडीची आहे.

मेब हे या सायकलचे प्रचारकही होते, तेव्हा त्यांची स्तुती थोडी वजा करूनच ऐकावी. तरीही त्यांनी ती कशी वापरली हे ध्यानात घेण्यासारखे आहे: लांब पल्ल्याची धाव, टेम्पो (सलग वेगवान धाव) आणि इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत वेगाने धावण्याचे टप्पे) हे सारे त्यांनी पायांवरच ठेवले, सायकलवर गेली ती दिवसाची दुसरी, हलकी धाव. जोडीला सरावाचे चक्रही त्यांनी सात दिवसांऐवजी नऊ दिवसांचे केले. २१ एप्रिल २०१४ रोजी, एकोणचाळिसाव्या वाढदिवसाच्या दोन आठवडे आधी, त्यांनी बोस्टन मॅरेथॉन २:०८:३७ वेळेत जिंकली. १९८३ नंतर हे करणारे ते पहिले अमेरिकी पुरुष धावपटू होते. या यशाचे श्रेय एका यंत्राला देणे भाबडेपणाचे होईल, पण त्या वयातही सरावाचा एकूण भार टिकवायला त्याचा उपयोग झाला असणार, असे मला वाटते.

म्हणून चाळिशीकडे झुकलेल्या, वारंवार दुखापत होणाऱ्या आणि तरीही आठवड्याचा सराव कमी करायला तयार नसलेल्या धावपटूने ही सायकल अवश्य चालवून पाहावी. पहिल्याच मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या निरोगी तरुणाने तिच्यावर खर्च करू नये, कारण जमिनीचे हादरे सोसण्याची सवय हाडांना धावूनच लागते आणि ती ही सायकल लावू शकत नाही.