बाबांची मारुती ८०० की सेकंडहँड वॅगनआर?

भाच्याचा पेच असा: बाबांची 1998 ची ८०० ठेवायची, की ती काढून चार-पाच वर्षं जुनी वॅगनआर घ्यायची? घरात दोन लहान पोरं, गुडघे धरलेली आजी.

खर्च. ८०० घरचीच, म्हणजे फुकट, असं वाटतं. पण 15 वर्षं उलटली की दर 5 वर्षांनी आरटीओत फिटनेस, नोंदणीचं नूतनीकरण आणि वर पर्यावरण कर. वॅगनआरला आधी रोकड मोजा, मग निवांत.

दुरुस्ती. इथे ८०० ला तोड नाही. 796 सीसी, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग). थंडीत चोक ओढायचा. त्याच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, कचरा अडकला तर नाक्यावरचा मिस्त्री उघडून फुंकर मारतो, गाडी चालू. वॅगनआरसारख्या इंजेक्शनच्या गाडीत (पेट्रोल संगणक मोजून सोडतो) इंजिनचा दिवा पेटला की बिघाड शोधायला स्कॅनर लावावा लागतो. पण तो दिवा पेटतो क्वचित, हेही खरं.

सुरक्षितता. यात तुलनाच नाही. जुलै 2019 नंतर बनलेल्या गाडीत एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे. आम्ही पोरं मागच्या काचेला टेकून झोपत घाट चढायचो. आता पोटच्या पोरांना तसं कोण नेईल?

बसणं. आजीला ८०० मध्ये खाली वाकून शिरावं लागतं आणि उठवायला दोघं लागतात. वॅगनआरची सीट उंच, दार मोठं.

रोज शाळा, दवाखाना, महिन्याकाठी गाव असेल तर वॅगनआर घे. रविवारी मंडईपर्यंत जायचं, पार्किंगला जागा आहे आणि बॉनेट उघडून हात काळे करायची हौस आहे, तर ८०० ठेव.