पूर्ण देह की न्यूरो: क्रायोनिक्सच्या करारावर सही करण्यापूर्वी

क्रायोनिक्सचा, म्हणजे पुढे कधी वैद्यक परत जिवंत करू शकेल या आशेवर मृत्यूनंतर देह अतिथंड अवस्थेत जतन करण्याचा, करार करायचा, एवढे ज्यांचे मनाशी पक्के झाले आहे, त्यांच्यापुढे लगेच दुसरा प्रश्न येतो. संपूर्ण देह जतन करायचा, की केवळ मस्तक, म्हणजे या क्षेत्रात ज्याला ‘न्यूरो’ म्हणतात तो पर्याय स्वीकारायचा? उणे 196 अंश सेल्सिअसचा द्रव नायट्रोजन, कायदेशीर मृत्यू जाहीर झाल्यावरच सुरू होणारी प्रक्रिया, आणि आजवर एकाही माणसाला त्या अवस्थेतून परत आणता आलेले नाही ही वस्तुस्थिती, हे सारे वाचकाला ठाऊक आहे असे मी गृहीत धरतो. मी मूळचा साताऱ्याचा आणि आता अमेरिकेत स्थायिक झालेला आहे. दोन्ही पर्यायांची कागदपत्रे घरी वाचून, घरच्यांशी सविस्तर बोलून, मी त्यांपैकी एकावर सही केली आहे. माझा कल पुढे दिसेलच, पण दुसऱ्या बाजूचे जे खरे आहे तेही नीट मांडण्याचा माझा प्रयत्न राहील.

संस्थांचा विषय आधी घ्यावा लागतो, कारण तो या निवडीपासून वेगळा काढता येत नाही. रॉबर्ट एटिंगर यांनी 1976 मध्ये मिशिगनमध्ये स्थापन केलेली क्रायोनिक्स इन्स्टिट्यूट न्यूरोचा पर्याय देत नाही. तेथे देह संपूर्णच ठेवला जातो. 1972 मध्ये स्थापन झालेली आणि 1994 पासून ॲरिझोनातील स्कॉट्सडेल येथे असलेली अल्कॉर दोन्ही पर्याय देते. क्रायोनिक्स इन्स्टिट्यूटचे आजीव सदस्यांसाठीचे किमान शुल्क अनेक वर्षे 28,000 डॉलर राहिलेले आहे, मात्र रुग्णाच्या उशाशी थांबून पहिल्या मिनिटापासून काम सुरू करणाऱ्या पथकाची व्यवस्था त्यात धरलेली नसते, ती वेगळे पैसे मोजून करावी लागते. अल्कॉरमध्ये हे पथक करारातच येते, पण पूर्ण देहाचा आकडा 2 लाख डॉलरच्या वर जातो आणि न्यूरोचा 80,000 डॉलरच्या घरात राहतो. आकडे अधूनमधून बदलतात, तेव्हा सही करण्यापूर्वी ताजे पाहावेत. बहुतेक सदस्य ही रक्कम आयुर्विम्यातून उभी करतात, आणि माझ्या वयात पूर्ण देहाइतक्या विम्याचा हप्ता मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून काढावा लागला असता, हे मी मोकळेपणाने सांगतो. तरीही निर्णय पैशावर झाला नाही.

निर्णय शास्त्रावरही झाला नाही, कारण मेंदूपुरते पाहिले तर दोन्ही पर्यायांत मला फार मोठा फरक आढळला नाही. थोडा आहे, आणि तो न्यूरोच्या बाजूने आहे. गोठताना पेशींमध्ये बर्फाचे स्फटिक होऊ नयेत म्हणून रक्ताच्या जागी संरक्षक द्रावण भरतात आणि ऊती काचेसारख्या घट्ट करतात. अल्कॉर त्यासाठी एम-22 हे द्रावण वापरते. एकट्या मस्तकात हे द्रावण समप्रमाणात पोहोचवणे आणि मग ते वेगाने थंड करणे सोपे जाते, तर संपूर्ण देहात ते भरताना पोटाच्या भागात सूज येण्याची अडचण असते. क्रायोनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये देह संपूर्ण ठेवत असले तरी द्रावण मस्तकापुरतेच भरले जाते आणि बाकीचे शरीर द्रावणाविना गोठते. म्हणजे तेथे पूर्ण देह निवडणाऱ्यालाही नीट जतन झालेला भाग हवा असेल तर तो मानेच्या वरचाच मिळतो. काच झालेल्या ऊतींना फार खालच्या तापमानात तडे जाण्याचा प्रश्न मात्र दोन्हीकडे आहे.

पूर्ण देहाचे समर्थक म्हणतात की माणूस म्हणजे केवळ मेंदू नव्हे. पाठीच्या कण्यात आणि आतड्यांभोवती मज्जापेशींचे मोठे जाळे आहे, संप्रेरके स्वभावावर परिणाम करतात, आणि आपल्याला अजून न समजलेले काहीतरी शरीरात साठलेले असू शकते. मग हातात असलेले फेकून कशाला द्यायचे? हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. परंतु तबलजीच्या बोटांतील तयारीदेखील मुख्यतः मेंदूच्या चालक भागांत आणि लहान मेंदूत घडलेली असते, मानेखाली पूर्ण अर्धांग झालेला माणूस आपल्या आठवणींसह तोच माणूस राहतो, आणि 1967 मध्ये ख्रिश्चन बर्नार्ड यांनी पहिले हृदयारोपण केल्यापासून असंख्य लोक दुसऱ्याच्या हृदयावर आपलेच आयुष्य जगले आहेत. शिवाय गोठलेल्या मेंदूची पेशी-पेशीने दुरुस्ती करण्याइतके पुढे गेलेले वैद्यक नवे शरीर वाढवू शकणार नाही, असे मानणे मला अवघड जाते. दुरुस्ती कधीच शक्य झाली नाही, तर मानेखालच्या भागाचा उपयोगही शून्यच ठरतो.

तिसरा मार्ग कोणी सुचवील म्हणून त्याचाही उल्लेख करतो. ग्लुटारल्डिहाइडने मेंदू रासायनिकरीत्या पक्का करून मग थंड करण्याच्या पद्धतीने 2016 मध्ये सशाच्या आणि 2018 मध्ये डुकराच्या मेंदूसाठी ब्रेन प्रिझर्व्हेशन फाउंडेशनचे पारितोषिक मिळवले, आणि त्यातील मज्जातंतूंच्या जोडण्यांच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या प्रतिमा खरोखरच थक्क करणाऱ्या आहेत. तथापि त्या मेंदूतील प्रथिने कायमची एकमेकांना जखडली जातात, त्यामुळे पुढची आशा उरते ती मेंदूतील जोडण्यांचा नकाशा वाचून संगणकावर चेतना उभी करण्याचीच. ती प्रत म्हणजे मीच असेन याबद्दल ज्यांची खात्री आहे त्यांनी त्या मार्गाचा अवश्य विचार करावा. माझी तेवढी खात्री नाही, आणि न्यूरोमध्ये जैविक दुरुस्ती आणि नकाशावाचन या दोन्ही शक्यता उघड्या राहतात.

सुरक्षिततेचा आणखी एक मुद्दा आहे. 1987 च्या अखेरीस डोरा केंट यांचे मस्तक अल्कॉरने जतन केले, तेव्हा संस्था कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे होती. तेथील कॉरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, शवविच्छेदनासाठी ते ताब्यात मागितले. ते अन्यत्र हलवले गेले, आणि पुढे न्यायालयाने मनाई हुकूम देऊन त्याला संरक्षण दिले. अशा प्रसंगी, किंवा भूकंप-आगीच्या वेळी, संपूर्ण देह हलवणे किती जिकिरीचे झाले असते याची कल्पना करता येते.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला तिच्याकडे येतो. तुलनेच्या तक्त्यांत ती मला कोठेच दिसली नाही, म्हणून तिला अधिक जागा देतो.

सुरुवातीला माझा कल पूर्ण देहाकडे होता. साताऱ्याला आईला हे सांगितले तेव्हा तिने शास्त्राबद्दल काहीच विचारले नाही. तिने विचारले, “मग अस्थी मिळणार नाहीत का रे?” आणि मी गप्प झालो, कारण पूर्ण देहाच्या पर्यायात अस्थी मिळत नाहीत. अग्नी नाही, सावडणे नाही, संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या पाण्यात सोडायला काही नाही, दहाव्याच्या पिंडामागे कशाचाही आधार नाही. पत्नीने ते अधिक स्पष्ट शब्दांत सांगितले: तुम्ही गेलात असे मी कधी मानायचे, हे मला कोण सांगणार? देह हजारो मैलांवर एका पोलादी पात्रात उभा आहे आणि घरात सुतक धरायचे की नाही यावर नातेवाईक वाद घालत आहेत, हे चित्र तिला असह्य होते. पूर्ण देहाच्या करारात मला खटकलेली गोष्ट हीच होती. तो पर्याय मागे राहिलेल्या माणसांच्या हाती करण्यासारखे काहीच ठेवत नाही. ही उणीव मला कागदपत्रे वाचताना जाणवली नव्हती, घरी बोलताना ती प्रत्येक वेळी नव्याने समोर येत राहिली.

न्यूरोच्या पर्यायात उरलेल्या देहाचे दहन केले जाते आणि रक्षा कुटुंबाकडे पाठवता येते. हे आईला सांगितल्यावर तिचा विरोध पुरता मावळला असे म्हणणार नाही, पण बोलणे पुढे सरकले. आमच्या घरचे विधी करणाऱ्या गुरुजींना विचारले, तेव्हा त्यांनी आक्षेप नोंदवलाच: अंत्यविधीत कवटीच्या दहनाला महत्त्व आहे आणि येथे नेमके तेच राहून जाते. तरीही जीवखड्यावर तिलांजली देता येईल, दहावा-तेरावा करता येईल, रक्षा उशिरा आली तरी ती नंतर विसर्जित करता येईल, असे त्यांचे मत पडले. देहच न मिळाल्यास दर्भाची किंवा पळसपानांची प्रतिमा करून पालाशविधी करतात, तोही मार्ग त्यांनी सांगितला. म्हणजे पूर्ण देह निवडणाऱ्यांसाठी शास्त्राने दार बंद केलेले नाही. आणि असा विधी झाल्यावर तो माणूस जिवंत परत आला तर काय करावे, याचाही विचार धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत आहे: त्याला तुपाचे स्नान घालून जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करावेत आणि त्याने आपल्याच पत्नीशी पुन्हा विवाह करावा. हे ऐकून आमच्या घरात बऱ्याच दिवसांनी या विषयावर मोकळेपणाने बोलणे झाले.

कोणी म्हणेल की हा भावनेचा प्रश्न आहे, जतनाच्या गुणवत्तेशी त्याचा संबंध नाही. मला तो संबंध अगदी थेट वाटतो. हृदय थांबल्यानंतरचे पहिले तास सर्वांत मोलाचे असतात, आणि त्या तासांत पथकाला दूरध्वनी करणे, डॉक्टरांना थांबवून ठेवणे, रुग्णालयात अडून बसणे हे सारे घरची माणसेच करतात. 1967 मध्ये जतन झालेले पहिले गृहस्थ जेम्स बेडफर्ड आज अल्कॉरमध्ये आहेत, ते पत्नी आणि मुलाने दीर्घकाळ खर्च व त्रास सोसला म्हणून. त्याच काळात कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थ येथे ठेवलेले देह नातेवाइकांकडून येणारे पैसे आटले आणि वितळून गेले. आता रक्कम आगाऊ घेऊन निधीत ठेवतात, त्यामुळे तो धोका पुष्कळ कमी झाला आहे, परंतु घरातील दुफळीचा धोका कोणत्याही निधीने जात नाही. बेसबॉलपटू टेड विल्यम्स 2002 मध्ये गेले तेव्हा त्यांच्या मुलांमध्ये दहन की जतन यावरून न्यायालयात वाद झाला. 2016 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयापुढे कर्करोगाने मरणासन्न असलेल्या 14 वर्षांच्या मुलीचा अर्ज आला. आई तिच्या बाजूने होती, वडिलांचा विरोध होता, आणि न्यायमूर्तींना देहाबाबतचा अधिकार आईकडे द्यावा लागला. नातेवाइकांनी आड येणार नाही असे लिहून देण्याचा एक कागद असतो. पूर्ण देहाची योजना असेपर्यंत तो आमच्या घरी टेबलावर तसाच पडून होता, आणि न्यूरोचे ठरल्यावर पत्नीने स्वतःहून त्यावर सही केली. माझ्या दृष्टीने कोणत्याही द्रावणापेक्षा त्या सहीचे वजन अधिक आहे.

न्यूरोबद्दलचा एक संकोचही सांगितला पाहिजे. शिरच्छेदाची कल्पना आपल्या लोकांना भयानक वाटते आणि ती सांगताना शब्द फार जपून वापरावे लागतात. धाकट्या भावाला मी ते घाईने सांगितले आणि त्याला त्यातून सावरायला वेळ लागला. ज्यांच्या घरी हा धक्काच वादाचे कारण ठरेल आणि अस्थींविषयी कोणाचा आग्रह नसेल, त्यांना पूर्ण देह अधिक मानवेल. ज्यांचे देहदानाचे आधीच ठरलेले आहे आणि ज्यांच्या घरी दहनाविना निरोप देण्याची सवय झाली आहे, त्यांनाही कदाचित तो जड जाणार नाही. मिशिगनच्या आसपास राहणाऱ्यांनी क्रायोनिक्स इन्स्टिट्यूटचा विचार जरूर करावा, कारण जवळ असण्याचा फायदा मोठा आहे आणि शुल्कातील फरक वेगळे पथक नेमण्यासाठी वापरता येतो. दरवर्षी भारतात येणाऱ्यांनी एवढे मात्र ध्यानात घ्यावे की मृत्यू येथे झाला तर कोणताच पर्याय नीट चालत नाही: विमानाने पार्थिव नेण्यासाठी सहसा एम्बामिंगचे प्रमाणपत्र लागते, परवानग्यांत दिवस जातात, आणि तोवर मेंदूची हानी फार पुढे गेलेली असते. आम्ही घरात असे ठरवले आहे की मला भारतात मृत्यू आला तर करार बाजूला ठेवून माहुलीलाच सारे करावे.

अल्कॉरकडे न्यूरोने सुरुवात करून पुढे विमा वाढवला तर पूर्ण देहाकडे वळता येते, त्यामुळे द्विधा मनःस्थितीत असलेल्यांनी लहान रकमेने आरंभ करण्यात तोटा नाही. अर्ज भरताना दहनानंतरच्या रक्षेचे काय करावे हा रकाना रिकामा सोडू नये. ती कोणाच्या नावे, कोणत्या पत्त्यावर पाठवायची हे स्पष्ट लिहावे, आणि त्या व्यक्तीला आधी विचारून घ्यावे. मी तेथे पत्नीचे आणि तिच्यानंतर भावाचे नाव घातले आहे.