डी.एल.एड. की बी.ए.-बी.एड.? इंग्रजीच शिकवायचं असेल तर

बारावी झाली, इंग्रजी आवडतं, मास्तरकी करायची आहे. मग एक तर दोन वर्षांचं डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका, घरच्यांच्या तोंडी अजून डी.एड.च, नाहीतर बी.ए. करून वर दोन वर्षांचं बी.एड. माझी मावसबहीण पहिल्या वाटेने गेली, मी दुसऱ्या. तेव्हा माझं माप थोडं एकीकडे झुकेल, सांभाळून घ्या.

पैशाचा आणि वर्षांचा हिशेब मांडला तर ताईची वाट सरळ जिंकते. विसाव्या वर्षी ती पदविका घेऊन मोकळी झाली. त्या वयात मी रत्नागिरीत खोली घेऊन मेसचं जेवण गिळत होतो. घरात कमावतं माणूस एकच असेल तर तिची वाट शहाणपणाची. पुढे मुक्त विद्यापीठातून बी.ए. करून सहावी ते आठवीला पदवीधर शिक्षक होण्याची सोयही राहते. भरतीच्या बाबतीत दोघांची गत एकच. शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी २०१७ ला झाली ती पुढे थेट २०२३ ला. भरतीच्या सरकारी संकेतस्थळाकडे, पवित्र पोर्टलकडे, डोळे लावून बसणं कुणालाच चुकत नाही.

माझं मन फिरलं ते फळ्यावरून. बारावीच्या सुट्टीत ताईकडे, गुहागर तालुक्यात राहायला गेलो होतो. वाडीतली दोनशिक्षकी शाळा. तिच्या खोलीत दुसरी आणि चौथी एकत्र. फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ. डावीकडे हातच्याची वजाबाकी, उजवीकडे चौथीचं इंग्रजी. चौथीने 'धिस इज माय हाऊस' सुरू केलं की दुसरीतली पोरंही वजाबाकी टाकून ओरडायला मोकळी. तेवढ्यात खिचडीचा तांदूळ मोजून द्यायला हाक यायची. नाहीतर कसलीतरी माहिती दुपारच्या आत ऑनलाइन भरायची असायची, आणि रेंजसाठी ताई वरच्या आंब्याखाली. ती परत येईतो तास संपलेला. बुडायचं ते दरवेळी इंग्रजीच, वजाबाकी नाही. पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून आलंय खरं, पण अशा शाळेत ते उरल्यासुरल्या वेळात. ताईला त्याचं फारसं काही वाटत नाही, ती लहान पोरांत रमते. मला ते झेपलं नसतं.

हायस्कुलातही सगळं गोड नाही. भूगोलाचे तास गळ्यात पडतात, आणि नववीतही एखादं पोर अक्षराला अक्षर जोडत वाचतं. पण घंटा झाली की अख्खा फळा माझा. दहावीच्या इंग्रजीत तोंडी वगैरेचे २० गुण असतात, त्यांच्या निमित्ताने वर्गात थोडं मोकळं बोलता येतं. परवा एका मुलीने बंदरावर आई बांगड्याचा वाटा कसा लावते आणि गिऱ्हाईक घासाघीस कशी करतं, ते मोडक्या इंग्रजीत रंगवून सांगितलं. व्याकरणाचे धिंडवडे निघाले, पण वर्ग हसला योग्य जागी.

एक मात्र बघून ठेवा. बी.एड. करू आणि वेळ पडली तर पहिली ते पाचवीला लागू, हा जुना बेत सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर चालत नाही. म्हणजे पाच वर्षं घालायची ती वरच्या वर्गांसाठीच. आणि बी.ए.ला इतिहास सोपा म्हणून तिकडे वळू नका. मुख्य विषय इंग्रजीच ठेवा, नाहीतर बी.एड.ला इंग्रजी अध्यापन पद्धत, म्हणजे इंग्रजी कसं शिकवायचं तो विषय, मिळताना अडचण येऊ शकते.