विकर्स व्हिमी विमानाचं १/७२ मॉडेल किट: जोडणी सोपी, तारा छळतात

१९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राउन या ब्रिटिश जोडीने न थांबता अटलांटिक ओलांडला, तो याच जातीच्या दोन इंजिनांच्या, दुहेरी पंखांच्या बॉम्बरमधून. हे त्याचं ७२ पट लहान प्लास्टिक मॉडेल. पंखांचा पसारा जवळजवळ २९ सेंटिमीटर भरतो, तेव्हा कपाटात आधी जागा बघा! साचा जुना, कडांना जादा प्लास्टिक. पॉलिश पेपरने जातं. पण वरच्या-खालच्या पंखांमधल्या तारांची आकृती इतकी अपुरी? जुने फोटो शोधण्याला पर्याय नाही. वरचा पंख बसवण्याआधीच बारीक ड्रिलने भोकं पाडून ठेवा. तारांसाठी दोरा लवचिक, ताणला जाणाराच घ्या. हात लागला तरी तुटत नाही आणि पंखही वाकवत नाही. तारा आतल्या खांबांपासून ओवा, नाहीतर चिमटा शिरत नाही. इंजिनं मात्र देखणी. अगदी नवख्यांनी आधी एका इंजिनाचं विमान करावं.