शोकाच्या वर्षी ऐकावी अशी नाताळची उपासना : केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे रेडिओ प्रसारण

दरवर्षी २४ डिसेंबरला केंब्रिजमधील किंग्ज कॉलेजच्या चॅपलमधून (प्रार्थनामंदिरातून) नऊ शास्त्रपाठ (बायबलमधील वाचने) आणि नाताळगीतांची उपासना बीबीसी रेडिओ ४ वर थेट प्रसारित होते आणि बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस ती जगभर पोहोचवते. इंग्लंडमध्ये दुपारचे तीन वाजलेले असतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ होतात. त्यामुळे सुमारे दीड तासाची ही उपासना ऐकून मध्यरात्रीच्या भक्तीसाठी आपापल्या चर्चमध्ये वेळेत जाता येते. येथील गायनाची कीर्ती मोठी आहे आणि ती रास्तच आहे. मात्र या परीक्षणात मी या उपासनेला एकच कसोटी लावणार आहे : ज्या ख्रिस्ती घरात यंदा नाताळ साजरा करण्याचे बळ उरलेले नाही, त्या घराला या प्रसारणातून काय मिळते?

या कसोटीला आधार आहे तो या उपासनेच्या जन्मकथेचा. पहिली उपासना १९१८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी झाली. महायुद्ध थांबून जेमतेम सहा आठवडे झाले होते, इन्फ्लुएन्झाची साथ माणसे नेतच होती आणि कॉलेजातून रणांगणावर गेलेले अनेक तरुण परतलेच नव्हते. एरिक मिल्नर-व्हाइट हे सैन्यात धर्मगुरू म्हणून काम करून आलेले, चौतिशीतले गृहस्थ त्या वर्षी चॅपलचे डीन, म्हणजे तेथील उपासनांचे प्रमुख, झाले होते. नेहमीच्या ठरीव उपासनेने त्या नाताळात लोकांच्या मनाला हात घालता येणार नाही, हे त्यांनी ओळखले. नऊ पाठांचा आराखडा त्यांनी इंग्लंडमधील ट्रुरो या शहरातून घेतला. तेथे १८८० मध्ये कॅथीड्रलचे बांधकाम चालू असताना बिशप एडवर्ड बेन्सन यांनी लाकडी तात्पुरत्या इमारतीत तशी उपासना घेतली होती. त्या आराखड्याला मिल्नर-व्हाइट यांनी स्वतः लिहिलेली प्रारंभीची प्रार्थना जोडली, आणि माझ्या मते या दीड तासातील सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

ही प्रार्थना पहिल्या गीतानंतर लगेच येते. ती प्रथम जगाच्या गरजांसाठी आणि शांतीसाठी मागणे मागते. मग दीन आणि असहाय, थंडीने गारठलेले, भुकेले, पिडलेले, आजारी, शोक करणारे, एकाकी, कोणाचेही प्रेम न लाभलेले, वृद्ध आणि लहान मुले अशा सर्वांचे एकेक करून स्मरण करते. आणि अखेरीस जे आपल्याबरोबरच आनंद करीत आहेत, परंतु पैलतीरावर आणि अधिक तेजस्वी प्रकाशात, अशा दिवंगतांना त्याच आनंदात सामावून घेते. पहिल्या उपासनेला बसलेल्या आईबापांसाठी ही वाक्ये काय असतील, याची कल्पना करता येते. येथे शोक करणाऱ्याला आधी डोळे पुसून ये असे कोणी सांगत नाही. उत्सव नीट सुरू होण्यापूर्वीच त्याची जागा राखून ठेवलेली असते.

पाठांचा क्रमही हेच करतो. पहिला पाठ गोठ्याचा नसून एदेन बागेत लपलेल्या आदामाचा आहे, आणि तो गायकवृंदातला एक मुलगा वाचतो. अब्राहामाला दिलेले वचन, अंधारात चालणाऱ्या लोकांविषयीचे यशयाचे शब्द, मरीयेला आलेला निरोप अशा टप्प्यांनी आपण बेथलेहेमला पोहोचतो. मेंढपाळांना देवदूत प्रथम ‘भिऊ नका’ असे सांगतो आणि मगच मोठ्या आनंदाची बातमी देतो. आधीचे सगळे पाठ ऐकून झाल्यावर त्या दोन शब्दांचे वजन निराळेच जाणवते. नवव्या पाठासाठी सर्व जण उभे राहतात आणि कॉलेजचे प्रमुख योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ वाचतात. अंधार आहे हे तो पाठ नाकारत नाही. अंधाराला प्रकाशावर मात करता आली नाही, एवढेच तो सांगतो.

आमच्या घरी ज्या वर्षी मृत्यू झाला, त्या वर्षी आम्ही ताराही लावला नव्हता आणि फराळही केला नव्हता. भेटायला येणारी मंडळी प्रेमाने म्हणत, ‘नाताळ आहे, आनंद करा.’ त्यांचा हेतू चांगलाच होता. परंतु आनंद करणे हे आणखी एक कर्तव्य होऊन बसले होते. त्या रात्री हे प्रसारण ऐकताना आमच्याकडून कोणी कशाचीही अपेक्षा करीत नव्हते. सुरुवातीला एकच मुलगा साथीशिवाय पहिले कडवे गातो (तो कोण, हे त्याला ऐन वेळी खूण करून सांगितले जाते) आणि मग हळूहळू पूर्ण गायकवृंद व सारी सभा त्याला मिळते. आम्हांला गाता येत नव्हते, आणि कोणीतरी आमच्या वतीने गात होते. मंडळी, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचा समुदाय, या शब्दाचा अर्थ मला त्या रात्रीइतका जवळून कधी कळला नव्हता.

प्रसारणाचा इतिहासही या कामी बळ देतो. १९२८ पासून, १९३० चा अपवाद सोडला तर, ते दरवर्षी झाले आहे. दुसऱ्या महायुद्धात चॅपलच्या जुन्या रंगीत काचा सुरक्षिततेसाठी काढल्या होत्या, आत ऊब देण्याची सोय नव्हती आणि शत्रूला ठिकाण कळू नये म्हणून रेडिओवर कॉलेजचे नावही घेता येत नव्हते. तरीही उपासना चुकली नाही. २०२० मध्ये साथीमुळे ती सभेविना, आधी ध्वनिमुद्रित करून ऐकवावी लागली.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. वाचनांचे इंग्रजी जुन्या वळणाचे आहे आणि मराठीतून शास्त्र वाचणाऱ्या ज्येष्ठांना ते झेपत नाही. १९८३ पासून बहुतेक दरवर्षी एक गीत नव्याने रचून घेतले जाते. त्यांतली काही गीते थकलेल्या मनाला अवघड वाटतात, हे मी मान्य करतो. माझी खरी तक्रार आठव्या पाठाविषयी आहे. तो मागी लोक (बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी) आपल्या देशी परत जातात तेथे थांबतो. मिसरला (इजिप्तला) पळालेले येशूचे कुटुंब, हेरोद राजाने मारलेली बाळे आणि आपल्या मुलांसाठी रडताना सांत्वन नाकारणारी राहेल हा मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पुढचाच भाग आहे, आणि मुलाला मूठमाती दिलेल्या आईला नाताळच्या कथेत स्वतःची जागा बहुधा तेथेच सापडेल. जी उपासना युद्धातील शोकातून जन्मली, तिने हा भाग वगळावा याची मला खंत वाटते.

ऐकण्यापूर्वी कॉलेजच्या संकेतस्थळावरून त्या वर्षीची पुस्तिका उतरवून घ्यावी. तीत प्रार्थना, पाठ आणि गीतांचे शब्द छापलेले असतात. शेजारी मराठी बायबल उघडे ठेवले, की भाषेची अडचण बरीच दूर होते. दूरचित्रवाणीवर याच चॅपलमधून दाखवला जाणारा कार्यक्रम वेगळा असतो आणि तो आधी चित्रित केलेला असतो. तो देखणा आहे, पण वर वर्णन केलेले काम रेडिओवरची उपासनाच करते. ज्यांना सलग दीड तास बसणे जमणार नाही, त्यांनी निदान सुरुवातीची प्रार्थना संपेपर्यंत ऐकावे आणि मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायातील वगळलेली वचने घरी स्वतः वाचावीत.