जॉब स्विच, एलडीए की पॅरामीटर? एएस/४०० वरचा जुना प्रोग्राम हाती आला तर

आरपीजी भाषेतल्या जुन्या प्रोग्रामला बाहेरून काही सांगायचं असतं: आज तपशील छापू नकोस, किंवा फाइल अपडेट न करता नुसती चाचणी घे. एएस/४०० या आयबीएमच्या व्यावसायिक संगणकावर, म्हणजे आजच्या आयबीएम आयवर, त्यासाठी तीन वाटा आहेत: जॉब स्विच, एलडीए (लोकल डेटा एरिया, म्हणजे प्रत्येक जॉबची स्वतःची छोटी साठवणीची जागा) आणि पॅरामीटर (प्रोग्रामला कॉल करताना सोबत दिलेली माहिती). जॉब म्हणजे सिस्टमवर चालणारं एक काम, मग ते स्क्रीनवरचं सत्र असो वा बॅच.

जॉब स्विच एएस/४०० च्याही आधीच्या काळापासूनचे. प्रत्येक जॉबला आठ, प्रत्येकात ० किंवा १. चेंज जॉब कमांडच्या एसडब्ल्यूएस या स्विचच्या रकान्यात पहिल्या जागी १ आणि पुढच्या सात जागी एक्स लिहिलं की पहिला चालू होतो, बाकीचे होते तसेच राहतात. आरपीजीत हेच यू१ ते यू८, तर कोबोलमध्ये यूपीएसआय-० ते यूपीएसआय-७. पहिला स्विच म्हणजे यूपीएसआय-०, इथे हमखास गफलत होते.

स्विचची खरी ताकद फाइलपाशी दिसते. एफ-स्पेकवर, म्हणजे आरपीजीत फाइल जाहीर करणाऱ्या ओळीवर, यू१ असेल आणि स्विच बंद असेल, तर प्रोग्राम ती फाइल उघडतच नाही. इतकं थोडक्यात काम दुसऱ्या कोणत्याही वाटेने होत नाही.

पण स्विचला नाव नसतं, आणि तो प्रोग्रामचा नसून अख्ख्या जॉबचा असतो. सकाळी मेनूतून एका प्रोग्रामने चालू ठेवलेला स्विच दुपारी दुसऱ्याला तसाच सापडतो. मला मात्र सबमिट जॉबने, म्हणजे काम बॅचमध्ये पाठवणाऱ्या कमांडने, फसवलं. स्क्रीनवर तपासताना महिनाअखेरचा रिपोर्ट नीट आला, रात्री बॅचमध्ये तपशिलाची पानंच नाहीत, एररही नाही. सबमिट जॉब स्विच चालू जॉबकडून घेत नाही, काही सांगितलं नसेल तर जॉब डिस्क्रिप्शनमधून (जॉबच्या ठरलेल्या सेटिंग्जच्या नोंदीतून) घेतो, आणि तिथे आठही शून्य होते. रिट्रीव्ह जॉब अ‍ॅट्रिब्यूट्स कमांडने स्विच वाचून ते सबमिट जॉबला स्वतःहून द्यावे लागतात.

एलडीएचं इथे उलट आहे. त्याची १०२४ अक्षरं सबमिट केलेल्या जॉबला आपोआप कॉपी होतात. तारीख, शाखेचा कोड, काहीही ठेवा. पण कितव्या जागेवर काय आहे हे कुणी लिहून ठेवलं नसेल, तर पुढच्या माणसाचे हाल होतात.

पॅरामीटरला नाव, लांबी, प्रकार सगळं असतं. सापळा कॉल कमांडमध्ये आहे: थेट लिहिलेला आकडा १५ अंकी, ५ दशांशांचा पॅक्ड (एका बाइटमध्ये दोन अंक बसवलेला) होऊन जातो. मजकूर ३२ अक्षरांपर्यंत स्पेसने भरला जातो. प्रोग्रामला ५० अक्षरं हवी असतील, तर शेवटी मेमरीतला कचरा येतो. पुढे स्वतःची कमांड बनवून ठेवली की हा त्रास संपतो.

नवं काही लिहीत असाल तर पॅरामीटरच घ्या. कॉलच्या पाच-सहा पायऱ्या खाली माहिती न्यायची असेल आणि मधले प्रोग्राम बदलता येत नसतील, तरच एलडीए. आणि एफ-स्पेकवर यू१ असलेला जुना प्रोग्राम नीट चालत असेल, तर त्याचे स्विच काढायला जाऊ नका. त्याला चालवणाऱ्या सीएलच्या (सिस्टमच्या कमांड्सच्या भाषेतल्या प्रोग्रामच्या) सुरुवातीला आठही स्विच स्पष्ट सेट करा, कोणता कशासाठी ते तिथेच कॉमेंटमध्ये लिहा. शंका आलीच तर डिस्प्ले जॉबमध्ये ऑप्शन २ घ्या, त्या क्षणीचे आठही स्विच समोर दिसतात.